शिंदळ माकुडीची खानेसुमारी

शिंदळ माकुडी सहसा पायवाटेवर भेटत नाही. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, कातळाच्या जेमतेम वीतभर पायरीवर साठलेल्या मूठभर मातीत तिची मुळे असतात आणि बोटाएवढ्या जाडीच्या, राखाडी-हिरव्या, मांसल फांद्या दरीकडे लोंबत असतात. पावसाळ्यात या फांद्यांवर जाडसर पाने येतात आणि पाऊस ओसरू लागला की पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, गडद किरमिजी रंगाची आणि त्यावर पिवळे डाग असलेली फुले उमलतात. उन्हाळ्यात पाने गळून जातात आणि उरलेल्या उघड्या फांद्या दगडाच्या रंगात अशा काही मिसळतात की जाणकाराचीही नजर त्यांच्यावरून घसरून जाते. म्हणूनच तिची मोजणी करणारे लोक फुलांच्या दिवसांत गडावर जातात, आणि जमेल तेव्हा मीही दुर्बीण घेऊन त्यांच्यामागे जातो. गडांची नावे पुस्तकांतून छापलेलीच आहेत. कड्याची नेमकी बाजू मात्र मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मांसल वनस्पतींचे शौकीन जगभर आहेत आणि त्यांतले सगळेच सज्जन असतील असे नाही.

डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्नरच्या परिसरातल्या या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन 1860 च्या दशकात प्रसिद्ध केले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. पुढे तिची रवानगी एका प्रजातीतून (जीनसमधून) दुसरीत होत राहिली, पण कड्यावरून ती हलली नाही. तिची संकटग्रस्तता ठरवायची म्हणजे आययूसीएनच्या, अर्थात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, निकषांना धरून धोक्याचा अंदाज बांधायचा. एखादी वनस्पती मुळातच दुर्मिळ असून निर्धास्त असू शकते आणि चिक्कार दिसणारी वनस्पतीही वेगाने घटत असू शकते, हे या कामात आधी पक्के ध्यानात ठेवावे लागते.

पहिली अडचण मोजणीचीच येते. प्रौढ, म्हणजे प्रजननक्षम झाडे पन्नासांहून कमी असतील, तर तेवढ्यावरच जात अतिसंकटग्रस्त ठरते आणि अडीचशेंहून कमी असतील तर संकटग्रस्त. आकडे अगदी स्वच्छ आहेत; प्रश्न आहे तो एक झाड कशाला म्हणायचे हा. वरच्या पायरीवरून लोंबणारी फांदी खालच्या भेगेत टेकून तिथे मुळे धरते, मधला भाग कधी तरी वाळून तुटतो आणि दोन जुडगे उरतात. निकष सांगतो की तुटल्यावर स्वतंत्रपणे जगू शकेल असा प्रत्येक भाग वेगळा मोजावा. पण पन्नास फुटांवरून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ती फांदी आत जोडलेली आहे की तुटलेली, हे कसे दिसावे? दोघांनी एकच कडा मोजला की दोन आकडे येतात आणि त्यावर चहाच्या टपरीवर जो वाद होतो, तो मला प्रत्यक्ष मोजणीपेक्षा अधिक उद्बोधक वाटतो.

क्षेत्राचा हिशेब तर आणखी गमतीचा आहे. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड आणि शिवथरघळ या नोंदवलेल्या ठिकाणांभोवती नकाशावर रेघ ओढली, तर त्या बहुभुजात जवळजवळ सबंध पुणे शहर, शनिवारवाड्यासकट, येऊन बसते. माकुडीला त्यातला नखभर कातळच काय तो लागतो. म्हणून दुसरे मापही वापरतात: नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे आणि वनस्पती ज्यांत सापडली तेवढेच धरायचे. दहा चौकोन भरले तरी क्षेत्र होते चाळीस चौरस किलोमीटर, आणि संकटग्रस्ततेची मर्यादा आहे पाचशे. मात्र क्षेत्र लहान आहे एवढ्याने भागत नाही. विखुरलेपण किंवा मोजकी ठिकाणे, चालू असलेली घट आणि संख्येतले तीव्र चढउतार, यांपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. ठिकाणे मोजायची तीही गडांच्या नावांवर नव्हे, तर धोक्यावर. एकाच वणव्याने जेवढा भाग एका फटक्यात होरपळेल ते एक ठिकाण, एकाच दरडीबरोबर जो खाली येईल ते एक. ही व्याख्या मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती पाहणाऱ्याला झाडावरून नजर काढून भोवतालच्या वाळल्या गवताकडे, शेळ्यांच्या वाटांकडे आणि कड्याच्या डोक्यावर चाललेल्या बांधकामाकडे बघायला लावते.

आययूसीएनने एके काळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींत माकुडीची गणना केली होती. त्यानंतर अभ्यासक कडे धुंडाळू लागले आणि नवनवी ठिकाणे हाती लागली. तेवढ्यावरून वनस्पती सावरली असे म्हणता येत नाही. ती तिथे आधीपासून असणारच, वाढली ती आपली पायपीट. लाल यादीत, म्हणजे आययूसीएनच्या जातींच्या धोक्याची श्रेणी नोंदवणाऱ्या यादीत, श्रेणी बदलली की तो बदल प्रत्यक्ष घडलेला आहे की केवळ माहिती वाढल्यामुळे झाला आहे, हे नोंदवावे लागते, आणि सगळ्या तक्त्यात हा रकाना मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. वृत्तपत्रांना मात्र त्याचे वावडे दिसते. ‘दुर्मिळ वनस्पती पुन्हा सापडली’ या मथळ्यात तो कधीच मावत नाही.

परदेशांतल्या काचघरांत माकुडी कुंड्यांमधून सुखाने वाढते, फांदी तोडून लावली तरी जगते. त्या कुंड्या या हिशेबात धरल्या जात नाहीत, मग त्या शेकड्यांनी असोत. रोपे वाढवून पुन्हा कड्यावर लावली, तरी त्यांना जगणारी संतती झाल्याशिवाय ती प्रौढ म्हणून मोजायची नाहीत, असा नियम आहे. त्यामुळे लावलेल्या रोपांची पाहणी करणारे फुलांवर समाधान मानत नाहीत. जोडीने येणाऱ्या शेंगा धरल्या का, त्या उकलून रेशमी झुबक्यांची बीजे वाऱ्यावर गेली का, आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या भेगांत कुणीही न लावलेले एखादे रोप दिसते का, हे ते पाहत राहतात.