बारीक अक्षरातले गायक

मराठीत 'सोल' म्हटलं की आधी चपलेचा तळ आठवतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या सोल संगीताच्या बाबतीत हे अगदीच गैर नाही. इंग्लंडमधल्या विगन गावात 1973 ते 1981 या काळात 'विगन कसिनो' नावाचं नाचघर चालायचं. नाव कसिनो, पण आत ना जुगार ना दारू. पहाटेपर्यंत नुसता नाच. लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरायची आणि चामडी सोलचे बूट घालून गिरक्या घ्यायच्या. वाजायच्या त्या दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत आपटलेल्या तबकड्या. गाणं जितकं पडेल, तितका डीजेचा मान मोठा. म्हणून हे डीजे तबकडीच्या लेबलवर कोरा कागद चिकटवत, वर गायकाचं खोटंच नाव सांगत. शेजारच्या डीजेला खरं नाव कळलं की मक्तेदारी संपली!

त्या झाकलेल्या गोलात असायचं काय? आडवळणाचा सोल शोधण्याची सगळी विद्या तिथेच आहे. कान नंतर, आधी डोळे.

तबकडी सात इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांची, मधोमध दीड इंचाचं भोक. घरच्या टर्नटेबलवर लावायला प्लास्टिकची चकती लागते. लेबलवरचं गायकाचं नाव सर्वांत ठळक, आणि शोधाच्या कामी सर्वांत निरुपयोगी, कारण त्या माणसाची बरेचदा ती एकुलती एक तबकडी. नजर खाली न्यावी. कंसात गीतकार, कडेला प्रकाशन संस्था, तळाशी निर्माता आणि कधी संगीत-संयोजक. ही मंडळी एका गायकापाशी थांबत नसत. डिस्कॉग्जसारख्या इंटरनेटवरच्या तबकड्यांच्या सूचीत निर्मात्याच्या नावावर टिचकी मारली की त्याच शहरातले आणखी चार-पाच अनोळखी गळे हाती लागतात. मग त्यांचे गीतकार. हे वेड असंच पसरतं.

गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जो मोकळा काळा पट्टा उरतो, तोही तिरक्या उजेडात धरून वाचावा. तिथे हाताने कोरलेले आकडे असतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातल्या तबकड्यांवर छोटा त्रिकोण आणि पुढे चढत्या क्रमाचा आकडा असतो. लेबलवर साल नसलं तरी त्यावरून तबकडी कधीची याचा चांगला अंदाज येतो.

ही गाणी का पडली? वाईट होती म्हणून, असं समजू नये. छोटी कंपनी म्हणजे बहुधा एक माणूस, त्याची गाडी आणि डिकीतले खोके. 500 किंवा 1000 प्रती छापायच्या आणि रेडिओ स्टेशनांचे उंबरे झिजवायचे. गंमत अशी की गाणं चाललं, तर संकट आणखी मोठं. कारखान्याला नव्या प्रतींचे पैसे आगाऊ हवेत आणि वितरक जुन्या प्रतींचे पैसे महिनोन्‌महिने देत नाही. एका यशाने बसलेल्या कंपन्या कमी नाहीत.

ओहायोतल्या कोलंबसमध्ये बिल मॉस या रेडिओ निवेदकाने कॅपसोल नावाची अशीच एक कंपनी काढली. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातच तिचा कारभार आटोपला. 2004 साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने तिची गाणी 'एक्सेंट्रिक सोल' मालिकेच्या पहिल्याच संग्रहात आणली. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. सोबतच्या पुस्तिकेत गायकांची हकिकत मिळते आणि मूळ तबकडीपायी खिसाही रिकामा होत नाही.

खिशाचा विषय निघालाच आहे, तर फ्रँक विल्सनची 1965 मधली मोटाउन या बड्या सोल कंपनीची तबकडी घ्या. बहुतेक प्रती नष्ट झाल्या, मोजक्या उरल्या. त्यांतली एक 2009 मध्ये 25,000 पौंडांहून अधिक किमतीला गेली. एवढा पैसा फिरतो म्हटल्यावर नकली माल आलाच. साठच्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकी तबकड्या व्हायनलच्या नसून स्टायरीन या ठिसूळ प्लास्टिकच्या आहेत. स्टायरीनचं लेबल वरून चिकटवलेलं असतं आणि कडेवर टिचकी मारली तर आवाज टणक येतो. मूळ प्रत फक्त स्टायरीनमध्ये निघाली होती हे पक्कं माहीत असेल आणि हातात व्हायनल आलं, तर पाकीट परत खिशात. स्टायरीनचा एक दोष मात्र जन्माचा: झिजलेल्या सुईने ते लवकर खरवडतं. जिथून गाणं सुरू होतं तिथे डीजे तबकडी पुढे-मागे फिरवायचे, त्यामुळे पहिले काही सेकंद खरखर ऐकू येते. ती पुसून जात नाही. ॲम्प्लिफायरला मोनो बटण असेल तर दाबावं. या जुन्या तबकड्या मोनोच आहेत, बरीचशी खरखर दबते.

आणि मागची बाजू ऐकल्याशिवाय तबकडी खोक्यात टाकू नये. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' साठच्या दशकात मागच्याच बाजूला होतं. ब्रिटिश नाचघरांनी ते उचललं आणि 1981 मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीने गाऊन जगभर नेलं.

हे सगळं जुन्याचंच कौतुक नव्हे. ब्रुकलिनच्या डॅपटोन या कंपनीने शेरॉन जोन्सला पुढे आणलं, तेव्हा तिने पंचेचाळिशी गाठली होती. त्याआधी ती तुरुंगरक्षकाची नोकरीही करून आली होती. चार्ल्स ब्रॅडली सोलचा बडा गायक जेम्स ब्राउन याची नक्कल करून पोट भरायचा. त्याचा पहिला अल्बम 2011 मध्ये, वयाच्या 62व्या वर्षी आला. आजचे असे गळे ऐकायचे, तर गायकाऐवजी कंपनीचा माग काढावा: ओहायोची कोलमाइन, ब्रुकलिनची बिग क्राउन, हेलसिंकीची टिमिऑन. बँडकॅम्प या संगीताच्या संकेतस्थळावर त्यांची पानं आहेत. तिथेही श्रेयनामावलीतला ढोलकिया आधी बघावा. ड्रम वाजवणारा तोच दिसला, तर गायक अनोळखी असला तरी बेलाशक ऐकावं.