डब्यावर न छापलेलं स्टिरॉइड

'टेस्ट बूस्टर' (टेस्टोस्टेरॉन वाढवणारं) किंवा 'मास गेनर' (वजन वाढवणारं) म्हणून घेतलेल्या सप्लिमेंटच्या डब्याने महिन्याभरात दंड फुगले, तर खूश होण्याआधी संशय घ्या. लेबलवरचा गोखरू आणि मेथीचा अर्क इतक्या वेगाने काम करत नाही; आत लपवलेलं स्टिरॉइड असू शकतं.

जर्मनीतल्या कलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतली ६३४ सप्लिमेंट्स तपासली होती. २००४ साली आलेल्या त्या अहवालात ९४ नमुन्यांत लेबलवर नसलेली प्रोहॉर्मोन्स (शरीरात गेल्यावर हॉर्मोन बनणारी द्रव्यं) सापडली. अमेरिकेत २०१७ मध्ये 'सार्म्स' (स्नायूंवर टेस्टोस्टेरॉनसारखं काम करणारी कृत्रिम औषधं) म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ४४ उत्पादनं तपासली, तेव्हा ११ मध्ये न छापलेलं द्रव्य निघालं आणि चारांत कामाचं काहीच नव्हतं.

शरीरात होतं ते असं. बाहेरून अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखं पुरुषी हॉर्मोन) आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी हॉर्मोन्स सोडणं कमी करते. वृषणांना कामाचा आदेशच मिळत नाही, ती आकसतात, शुक्रजंतू घटतात. डबा चालू असेपर्यंत पोराला जोर वाटतो, बंद केल्यावर थकवा, इच्छा मरणं, उदासी. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे गाडी रुळावर यायला कित्येक महिने जातात. काही स्टिरॉइड्सचं शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हॉर्मोन होतं आणि छातीत स्तनाग्रामागे दुखरी गाठ येते. वाढीच्या वयात त्याच इस्ट्रोजेनने हाडांची टोकं लवकर जुळतात, उंची थांबते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो बहुतेकदा परत येत नाही.

गोळीच्या रूपातली बरीच स्टिरॉइड्स यकृतात चटकन मोडू नयेत अशीच बनवलेली असतात. म्हणून अंगभर खाज, गडद लघवी, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करा: एलएच, एफएसएच, टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन), इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचाच प्रकार), लिपिड प्रोफाइल, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण). एलएच तळाला आणि टेस्टोस्टेरॉन वर, हे बाहेरचं हॉर्मोन असल्याचं ठळक लक्षण. सार्म्समध्ये मात्र टेस्टोस्टेरॉनही खाली येतं. जड व्यायामाने यकृताच्या तपासणीतले एसजीओटी, एसजीपीटी वाढतात, म्हणून आधी काही दिवस विश्रांती घ्या आणि जीजीटी, बिलिरुबिनही पाहा. केसांसाठीचं बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशीनवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच खोटा घटलेला दिसतो, म्हणजे नेमकं स्टिरॉइडचंच चित्र.

खरेदी करताना 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (प्रत्येक घटकाचं प्रमाण न सांगणारं मिश्रण), एमके-२८६६, एलजीडी-४०३३, आरएडी-१४० ही सार्म्सची नावं, नावात 'मिथाइल' असं काही दिसलं तर डबा खाली ठेवा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत हॉर्मोन, स्टिरॉइड घालायला बंदी आहे, पण १४ आकडी परवाना म्हणजे प्रत्येक बॅच तपासलेली नव्हे. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी बॅचवार तपासलेलंच घ्यावं. नाडा या उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचणीत सापडल्यावर 'लेबलवर नव्हतं' एवढ्याने सुटका होत नाही.

त्रास झाल्यावर जिमवाल्याच्या सांगण्यावरून क्लोमिफीन, टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनवर परिणाम करणारी औषधं सुरू करू नका. एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनतज्ज्ञाकडे) जा, डबा बिलासकट सोबत न्या आणि उरलेली पावडर फेकू नका. बॅच नंबरवरूनच पुढे तक्रार आणि तपासणी होऊ शकते.