तुम्ही विचारलंत म्हणून: "लग्नाआधी सांगायला का लावत नाही?"

लग्नकार्यात, केएमटीच्या (कोल्हापूरच्या शहर वाहतुकीच्या) बसमध्ये, अगदी माहेरीसुद्धा हाच प्रश्न: जन्मापासून एचआयव्ही असलेल्या या पोरांना तुम्ही लग्नाआधी सरळ सांगून टाकायला का लावत नाही?

मी या पोरांसोबत काम करते. सांगायला लावत नाही, तयारी करून घेते. आधी कुणाला, कुठे, सोबत कोण, आणि समोरचा बिथरला तर त्या रात्री कुणाच्या घरी जायचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कोर्टाच्या आदेशाशिवाय कुणावर सांगण्याची सक्ती करता येत नाही. जोडीदाराला लागण होऊ नये ही जबाबदारीही तोच कायदा देतो, आणि ती मी प्रत्येकाच्या कानावर घालते.

कागलकडची एक पोरगी (ओळखीच्या खुणा बदलल्यात). स्थळ आलं, मुलगा तिला आवडला. आजी म्हणाली, "गप बस, लग्न झाल्यावर बघू." हिला ते पटेना. गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडायचं, खडखडू नये म्हणून आत कापूस कोंबायचा, याला ती विटली होती. आम्ही वाक्यं घोटली. ती दरवेळी माफी मागूनच सुरुवात करायची, ती सवय मोडायलाच वेळ लागला. शेवटी ठरलं: "मला जन्मापासून एचआयव्ही आहे. रोज गोळी घेते. तपासणीत विषाणू सापडत नाही, म्हणून संबंधांतून तुला लागण होणार नाही. डॉक्टरांना तूच विचार."

रंकाळा तलावावर, गर्दीच्या वेळी, मैत्रीण थोड्या अंतरावर. मुलाने सगळं ऐकून घेतलं, तिला भेळ खाऊ घातली, स्टँडवर सोडलं. सकाळी नकाराचा निरोप आला. त्याचं एवढं नाही. दुपारपर्यंत गल्लीभर कळलं होतं. नळावर बायका तिच्या आईच्या कळशीपासून आपली कळशी लांब ओढू लागल्या. ती कामाला होती त्या दुकानाच्या मालकाने "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगितलं. हे बेकायदा आहे, तक्रार करू, म्हटलं तर म्हणाली, "म्हंजे राहिलेल्या कोल्हापूरलाबी कळू दे व्हय, मॅडम?"

आजीचा फोन आला. "तुमचं काय गेलं?"

खरंच, माझं काहीच गेलं नाही. पण तिने लपवून लग्न केलं असतं, तर तो पोरगा फसला नसता का? ज्या संसारात गोळीसुद्धा चोरून घ्यायची, त्याला मी हो कशी म्हणू? पूर्वी मी बिनदिक्कत सांगायचे, खरं बोललं की मन मोकळं होतं. आता ते वाक्य तोंडातून निघत नाही. आता म्हणते, आधी दुसऱ्या कुणाचं गुपित त्या मुलाच्या पोटात राहतं का ते बघ. एवढ्याने माणूस कळतो का? नेहमी नाही.

तिला आता सांगलीचं स्थळ आलंय. यावेळी मुलाला सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) न्यायचं, डॉक्टरांसमोरच सांगायचं, असं ती म्हणते. कशासाठी जायचंय ते न सांगता त्याला तिथवर न्यायचं कसं, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.