ऑलिंपिक लिलोआ : पहिला विजेता, आता नकाशावर नसलेला

फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉलची साखळी स्पर्धा १९३२-३३ च्या हंगामात सुरू झाली आणि तिचा पहिलावहिला विजेता ठरला तो लील शहरातला ऑलिंपिक लिलोआ हा संघ, जो आज अस्तित्वात नाही. गंमत म्हणजे, १९०२ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे अध्यक्ष आंरी जोरिस हे खेळाडूंना पगार देण्याच्या कल्पनेचे सुरुवातीला कट्टर विरोधक होते.

त्या हंगामात वीस संघ दोन गटांत विभागले होते आणि गटविजेत्यांमध्ये अंतिम सामना व्हायचा होता. दुसऱ्या गटात अँटिब अव्वल ठरला. परंतु लीलमधल्याच फीव्ह संघावरचा त्याचा ५-० असा विजय संशयास्पद मानला गेला आणि त्याला बाद करून कान संघाला संधी देण्यात आली. हा अंतिम सामना लिलोआने ४-३ असा जिंकला. व्यावसायिक युगाच्या पहिल्याच वर्षी सामनानिश्चितीचा आरोप व्हावा, हे मला योगायोगापेक्षा अधिक बोलके वाटते.

लिलोआचे मैदान द्यूल नदीच्या काठाला इतके लागून होते, की उंच मारलेला चेंडू कधीकधी थेट पाण्यात जाई. १९३९ मध्ये फ्रेंच चषकाच्या अंतिम फेरीत हा संघ पॅरिसच्या रेसिंग क्लबकडून हरला. पुढे युद्ध आले, १९४० मध्ये जोरिस वारले. अखेर १९४४ मध्ये त्याच फीव्ह संघाशी विलीनीकरण होऊन आजचा लील क्लब जन्मला, ज्याने १९४६ मध्ये साखळी आणि चषक दोन्ही जिंकले.