वाटीतले हरभरे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या पहिल्याच शनिवारी एक आई दहावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. आमची शाळा निफाड तालुक्यातली. द्राक्षबागांत थिनिंग, म्हणजे घडांची विरळणी, चालू होतं आणि ती अर्धा रोज बुडवून आली होती.

"मॅडम, पोरगी रात्री बारा-बारापर्यंत बसती. मग मार्क कुठं जातात?"

सहामाहीला विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी ९ होते. मुलीने न सांगताच वही पुढे केली. शीर्षकं लाल, व्याख्या निळ्या, आकृतीतली नावं पट्टीने रेघ मारून लिहिलेली. अख्ख्या वहीत एक खाडाखोड नाही. वही मात्र शिवणीपाशी सैल लागत होती. एखादा शब्द चुकला की ती पानच फाडायची आणि पहिल्यापासून लिहायची.

त्या रंगांमागे मीच होते. जूनमध्ये मी वर्गाकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: कोण डोळ्यांनी शिकतं, कोण कानांनी, कोण हातांनी. हिच्या कागदावर 'डोळे' आलं आणि मी तिला रंगीत पेनांनी नोट्स काढायला सांगितलं. हॅरॉल्ड पॅशलर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्येच या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या 'शैली'प्रमाणे शिकवलं की त्याला जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. माझ्या वाचनात ते उशिरा आलं. तोवर या मुलीचे पाच महिने गेले होते आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

मी वही मिटली, कोरा कागद दिला. "अपवर्तनाचं जे आठवेल ते लिही. दोन ओळी पुरे."

तिने पेनाचं टोपण काढलं. पेन कागदाच्या वर धरलेलं, डाव्या हाताचा अंगठा कागदाच्या कडेवर इतका दाबलेला की नख पांढरं पडलं. पाच मिनिटं गेली तरी कागदावर एक टिंब उमटलं नाही. हिला काहीच येत नाही, असं कुणीही म्हटलं असतं. मला तिचा तो अंगठा दिसत होता.

आमच्याच आवारात प्राथमिकचे वर्ग भरतात. तिथून एक दगडी पाटी आणि पेन्सिल आणली. तिने पाटीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, हे नंतर कुणाला दिसणार नाही ना?"

"नाही बाळा. तूच पुसायचं."

तिने लिहिलं, 'किरण विरल माध्यमातून घन माध्यमात तिरपा जातो तेव्हा स्तंभिकेपासून दूर जातो.' पुस्तक उघडून पाहिलं, तळहाताने 'पासून दूर जातो' तेवढंच पुसलं आणि 'स्तंभिकेकडे झुकतो' असं लिहिलं. मग सगळी पाटी पुसून, पुस्तक मिटून, पुन्हा पूर्ण वाक्य लिहिलं. या वेळी ते बरोबर होतं.

पुस्तक मिटून आठवायचं, हे सगळ्यांच्याच कामाचं आहे. रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र ज्यांनी तो आठवून लिहिला होता, ते पुढे गेले. पण हे मुलांना नुसतं सांगून भागत नाही. याच वर्गातल्या एका मुलाला एकट्याने पाच मिनिटं बसवत नव्हतं. मित्रांशी प्रश्नांची पैज लावली की तोच तासभर हलायचा नाही. या मुलीला चारचौघांत प्रश्न विचारला असता तर तिने दुसऱ्या दिवशी दांडी मारली असती. आठवून लिहिणं तिच्याही गरजेचं होतं, फक्त चूक पुसता येईल अशी जागा हवी होती.

एक गोष्ट उरलीच होती. इतकी देखणी वही कुणासाठी? विचारलं तर तिने आईकडे पाहिलं. आईला लिहिता-वाचता येत नाही. रोज रात्री ती पानं उलटून बघते, किती भरली, अक्षर कसं आहे. मुलगी अभ्यास करते हे तिला तेवढ्यावरूनच कळायचं. आणि मुलीला तर आईला दिसावं म्हणूनच बसायचं होतं. ते कारण सोडायला मी तिला सांगणार नव्हते. इतकं खरं कारण फार कमी मुलांकडे असतं.

मी आईला म्हटलं, "ताई, आता वही नका बघू. पाटी भरून पुसली की एक हरभरा वाटीत टाकायला सांगा. रात्री हरभरे मोजा."

तिला ते लगेच पटलं. "म्हणजे जितकं पुसलं तितकं डोक्यात?"

मी हो म्हणाले. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

पण परीक्षा काही पाटीवर होत नाही. डिसेंबरात तिला रद्दीच्या पाठकोऱ्या कागदांवर शिसपेन्सिलीने लिहायला लावलं, जानेवारीत त्याच कागदांवर पेनाने. मध्ये एकदा ती आठवडाभर पुन्हा रंगीत वहीकडे वळली. मी रागावले नाही. आईनेच वाटी समोर आणून ठेवली म्हणे.

सराव परीक्षेत विज्ञान भाग १ चे १८ आले. मी आधी गुण न बघता उत्तरपत्रिका चाळली. तिसऱ्या पानावर, भिंगांच्या प्रश्नात, तिने 'अंतर्वक्र' लिहिलं होतं. त्यावर एक आडवी रेघ मारून पुढे 'बहिर्वक्र' लिहिलं होतं आणि त्याच पानावर उत्तर पूर्ण केलं होतं.