तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं जपायचं तर ओएलईडी मॉनिटर घेतलाच कशाला?

नेरूळच्या आमच्या घरी जो येतो तो हे विचारतोच. भर दुपारी पडदे ओढलेले, वॉलपेपर काळाकुट्ट, टास्कबार लपवलेला, दोन मिनिटं माउसला हात लागला नाही की स्क्रीन बंद. मग प्रश्न येतो, "एवढं जपायचं होतं तर साधा मॉनिटर का नाही घेतलास?" आजवर "आवड आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

मी जुने फोटो दुरुस्त करते. बुरशी लागलेले, घडीवर फाटलेले, बहुतेक कृष्णधवल. या कामाचा सगळा जीव सावल्यांत असतो. साध्या एलसीडी मॉनिटरच्या पडद्यामागे दिवा सतत चालू असतो, त्यामुळे तिथला काळा म्हणजे गडद राखाडीच. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागी चक्क बंद होतो. एका आजींच्या काळ्या चंद्रकळेवरच्या चुण्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या याच पडद्यावर. म्हणून घेतला. चैन म्हणून नाही.

आणि हो, जो पिक्सेल उजळतो तो झिजतो. निळा प्रकाश देणारा सेंद्रिय पदार्थ तर सगळ्यांत लवकर. १९८७ साली चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा सेंद्रिय डायोड मांडला, तो ईस्टमन कोडॅकमध्ये. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी फोटोंच्या कागदामागे हेच नाव छापलेलं असतं. कागदही विटतो, पडदाही विटतो. सुरुवातीला मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचे, ओएलईडी पडदे आता सुधारलेत, बऱ्याच कंपन्या बर्न-इनवर, म्हणजे असमान झिजेमुळे पडद्यावर कायमच्या उमटणाऱ्या डागांवर, ३ वर्षांची वॉरंटी देतात. ते खरंच आहे, मागे घेणार नाही.

पण गेल्या पावसाळ्यात एक फोटो आला. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी उभे तिघे भाऊ, मागे मोठं पांढुरकं आभाळ. आभाळात उजवीकडे एक उभा उजळ पट्टा होता. ऊन लागून विटलेला भाग समजून मी तो गडद करायला घेतला. मग बाजूचा कोपरा बघायला फोटो सरकवला. भाऊ सरकले, तलाव सरकला, पट्टा जागचा हलला नाही.

त्या पट्ट्याची रुंदी मला पाठ होती. फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधली लेयर्सची चौकट, म्हणजे पॅनल, रोज तिथेच उघडं असायचं, गडद रंगाचं. त्याच्याखालचे पिक्सेल कमी वापरले गेले, बाकीचा पडदा झिजला, म्हणून ती जागा उजळ. पॅनल गडद ठेवलं की सुरक्षित, असं मी मानून चालले होते. सगळी स्क्रीन राखाडी करून पाहिली. पट्टा होताच.

पैशांचं दुःख नंतर. आधी पोटात गोळा आला तो याचा, की हा डाग डोळ्यांत घेऊन मी किती लोकांच्या घरचे फोटो सुधारले? रात्रभर मागची कामं जुन्या एलसीडीवर उघडत बसले. आभाळं स्वच्छ होती. तरी त्या रात्रीनंतर स्वतःच्या नजरेवरचा भरवसा आधीसारखा राहिला नाही, हे खरं.

मॉनिटर साधारण ४ तास वापरला की स्टँडबायमध्ये काही मिनिटं स्वतःच पिक्सेल रिफ्रेश, म्हणजे पिक्सेलच्या असमान झिजेची भरपाई, चालवतो. त्याला वीज लागते, आणि आई झोपताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करते.

"आई, तेवढं एक बटण राहू दे गं."

"आणि रात्री वीज कडाडली तर?"

तिचंही चूक नाही. गडगडाट सुरू झाला की मीसुद्धा प्लग काढतेच. आता जेवायला उठताना मेनूतून रिफ्रेश सुरू करून जाते. पॅनल कीबोर्डवरच्या टॅबनं लपवते, कधी डावीकडे नेते, कधी उजवीकडे. ब्राइटनेस कमी ठेवते, म्हणून पडदे. खाडीकडून येणारं दुपारचं ऊन थेट समोर पडतं.

पट्टा पुष्कळ पुसट झालाय. इतरांना दिसत नाही, मला आभाळात सापडतो. म्हणून आभाळ एलसीडीवर तपासते आणि सावल्या इथे. दोन पडदे लागतात म्हणजे एकही पुरेसा नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. वॉरंटी संपल्यावर परत हाच घेईन का? चंद्रकळेसाठी घेईन असं वाटतं. आभाळाचं काम आलं की वाटतं, नको.