अकिलीसची नोंद: अडले होते ते सोलियसपाशी

या आठवड्यात चालण्याचे टप्पे न घेता सलग पाच किलोमीटर धावणे जमले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना उजवी टाच ताठली नाही. अकिलीसच्या, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या टेंडनच्या (कंडरेच्या), दुखण्यामुळे मागच्या नोंदीत रन-वॉकचे, म्हणजे आलटून पालटून धावण्या-चालण्याचे, गाडे ज्या ठिकाणी रुतले होते, ते अखेर पुढे सरकले, याचा मला मनापासून आनंद आहे.

अडचण धावतानाच्या वेदनेची नव्हतीच. पहिला किलोमीटर जड जाई, मग टेंडन गरम होऊन दुखणे विरून जाई आणि दुसऱ्या सकाळी पायऱ्या उतरताना पुन्हा पूर्ण ताकदीने हजर होई. अकिलीसच्या मधल्या भागाचे दुखणे असेच फसवे असते. म्हणून कारिन सिल्बरनागेल यांच्या संशोधनातून रूढ झालेला निकष मी काटेकोरपणे पाळतो: व्यायामात दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालेल, परंतु ती दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलीच पाहिजे. घड्याळातला रिकव्हरीचा आकडा येथे निरुपयोगी आहे, कारण तो मुख्यतः हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेला असतो आणि टेंडनवर किती भार पडला हे त्याला कळत नाही.

हील ड्रॉप (पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम) नियमित चालू असूनही सकाळचा ताठरपणा का हटत नाही, हे कोडे फिजिओने एका साध्या चाचणीने सोडवले. गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच उचलताना दोन्ही पाय जवळपास सारखे होते. गुडघा वाकवताच मात्र डावा पाय सहज गाठतो त्याच्या निम्म्यावरच उजवी टाच थरथरू लागली आणि भार करंगळीकडे कलला. गुडघा वाकला की पोटरीच्या वरच्या थरातल्या गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूचा जोर कमी होतो आणि काम त्याखालच्या, खोलवरच्या सोलियस स्नायूवर येते. धावताना पोटरीतला सर्वाधिक जोर हाच स्नायू लावतो. हील ड्रॉपच्या आल्फ्रेडसन यांच्या 1998 च्या मूळ पद्धतीत वाकलेल्या गुडघ्याचेही 15 चे 3 संच, दिवसातून दोनदा, 12 आठवडे सांगितलेले आहेत, पण माझ्या पायाला केवळ शरीराचे वजन पुरेसे नव्हते.

त्यामुळे आता जड वजन आणि संथ गती, आठवड्यातून तीन दिवस. 2015 च्या डॅनिश अभ्यासात या पद्धतीचे परिणाम आल्फ्रेडसनच्या तोडीचे दिसले होते. आमच्या जिममध्ये बसून पोटरीचा व्यायाम करण्याचे यंत्र नाही, म्हणून स्मिथ मशीनची (उभ्या रुळांवर सरकणारी) दांडी घडी घातलेल्या टॉवेलवरून गुडघ्याच्या जरा वर टेकवतो, चवड्याखाली जाड प्लेट ठेवतो आणि तीन सेकंदांत टाच वर, तीन सेकंदांत खाली नेतो. शेवटच्या संचात टाच करंगळीकडे न कलता सरळ वर गेली, तो क्षण मला पाच किलोमीटरइतकाच मोलाचा वाटला.

बुटांबाबत माझे मत आता पक्के आहे. कमी ड्रॉपच्या (टाच आणि चवडा यांच्या उंचीत कमी फरक असलेल्या) जोडीचा दुकानदार कितीही आग्रह करोत, अकिलीस दुखत असताना दहा मिलिमीटरचा ड्रॉपच बरा; टाच उंच राहिली की टेंडनवरचा ताण काहीसा हलका होतो. फोम रोलरने पोटरीला बरे वाटते, पण ताकद वाढत नाही.

पुढच्या महिन्यात साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात चढाची धाव सुरू करण्याचा बेत होता. तो लिहायला घेतला आणि जाणवले की चढावर घोटा अधिक वाकतो आणि पोटरीला शरीर वर ढकलावे लागते, म्हणजे नेमका दुखऱ्या जागेवरच भार वाढतो. उतारावर मांडीचे स्नायू भरडून निघतात, पण अकिलीसला तुलनेने सवलत मिळते. तेव्हा बेत बदलतो: घाट चालत चढायचा आणि परतीच्या उतारावर सुरुवातीला थोडेच अंतर, आखूड पावलांनी धावायचे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा पहिला अर्धा भाग चढाचाच असल्याने यंदा तिची नोंदणी करणार नाही; त्याऐवजी सपाट रस्त्यावरची दहा किलोमीटरची शर्यत शोधतो आहे. अकिलीसनंतर कोणी उतारापासून सुरुवात केली असेल, तर दुसऱ्या सकाळी टाचेसोबत गुडघ्यांची अवस्था कशी होती, हे अवश्य कळवावे.